बैलाचा अर्थ

मार्च लागला की मला धास्ती भरते. सत्तरी आली, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले त्यालाही बारा वर्षं होऊन गेली, आता मला कोण परीक्षेला बसवतंय? तरी लिंबाची पानं गळायला लागली, झेरॉक्सच्या दुकानापुढं पोरींची रांग दिसली, की माझे तळहात ओले होतात. राहात्याला आमच्या शेजारी सानिका राहते. यंदा दहावीला आहे. संध्याकाळी पुस्तक छातीशी धरून येते आणि विचारते, "आजी, या कथेचा खोल अर्थ सांगा ना. गाईडमधला काही कळत नाही." पुस्तक मिटलं की मोबाईलवर कुठलं तरी गाणं लावते आणि त्याचाही अर्थ विचारते. मी म्हणते, "तुला काय वाटतं ते आधी सांग." तिला वाटतं, आजी परीक्षा घेतायत. कसली परीक्षा नि कसलं काय! आजी घाबरलेली असते.

त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही.

मी जामखेडला अकरावीत होते. तेव्हा अकरावीलाच मॅट्रिक असे. बाहत्तरचा पाऊस गेला होता आणि त्र्याहत्तरचं साल उजाडलं होतं. उजाडलं म्हणायचं आपलं. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी आणि आई-बाप खडी फोडायला दुष्काळी कामावर. आमची आई पहाटे जायची, संध्याकाळी हाताला फोड घेऊन यायची. वर्गातली निम्मी पोरं कामावरच्या हजेरीला लागलेली. आम्ही मुली उरलो होतो पाच. त्यातल्या मी आणि कौसल्या, म्हणजे आमची कौसा, एका बाकावर. ती वस्तीवरून तासभर चालत यायची आणि आल्या आल्या माझ्या दप्तरातला फडका घेऊन पायाची धूळ पुसायची. मला त्याचा राग यायचा. फडका माझा ना!

मराठीचे सर बाहेरचे होते, बारीक, चष्मेवाले, गाण्याचे वेडे. शाळेसमोर एक हॉटेल होतं आणि त्याच्या रेडिओवर दुपारी सिनेमातली गाणी लागत. सर शिकवता शिकवता थांबायचे, बोट वर करायचे. "ऐका. ती म्हणते, दारातला दिवा आज लावू नका. का म्हणते?" एकदा मागून एक पोरगा म्हणाला, "राकेल संपलं आसंल, सर." वर्ग खो खो हसला. त्या साली रॉकेल खरंच मिळत नव्हतं. सर काही हसले नाहीत. मी उठून म्हटलं, "सर, तिच्याकडं कुणीतरी येणार आहे, आणि ते लोकांना दिसू नये असं तिला वाटतंय." सरांनी टेबलावर थाप मारली. "शाबास! याला म्हणतात वाचणं. वरचं साल काढायचं आणि गर बघायचा."

झालं. त्या एका शाबासकीनं मी चार बोटं वर चालायला लागले. दिसेल त्याचं साल काढायचं. धड्यातल्या म्हातारीच्या हातात कंदील आला, की तो कंदील म्हणजे आशा. गोष्टीत पोरगं नदी ओलांडायला लागलं, की ते मोठं व्हायला निघालं. आई चुलीपुढं बसून एखाद्या सिनेमाच्या गाण्याची ओळ गुणगुणायला लागली, तर तिलाही मी समजावून सांगायची, की आई, यातला पक्षी म्हणजे पक्षी नाही. आई फोडांना तेल लावता लावता म्हणायची, "गानं हाय ते. म्हनावं अन् कामाला लागावं. अति शहाना त्याचा बैल रिकामा." मला वाटायचं, अडाणी बाई, हिला काय कळतंय.

सरांनी शाळेत एक पद्धत पाडली होती. दरवर्षी आमचं हस्तलिखित निघे. मुलांच्या कथा, कविता सुवाच्य अक्षरात लिहून, चित्रं काढून त्यांची वही शिवायची. सरांचं त्यात एक खास कलम होतं. प्रत्येक कथेपुढं दुसऱ्या विद्यार्थ्यानं तिचं रसग्रहण लिहायचं, आणि गॅदरिंगला दोघांनी लागोपाठ उभं राहून दोन्ही मोठ्यानं वाचायचं. आधी कथा, मग तिचा अर्थ. गावातली माणसं ऐकायला येत. कथा ऐकताना मान डोलवत आणि अर्थ ऐकताना गप्प बसत. कारण अर्थ सांगणारा पोरगा शिकलेला. तो सांगतोय म्हणजे तसंच असणार.

त्या साली कौसानं कथा लिहिली. दोनच पानांची. एका शेतकऱ्याची बैलजोडी असते. दुष्काळात त्यातला एक बैल मरतो. उरलेल्याला मालक बाजारात नेऊन उभा करतो, पण कुणी घेत नाही, म्हणून परत आणून बांधतो. बैल वैरण सोडतो. सकाळी मालक उठून बघतो तर दावं कुरतडून तोडलेलं आणि बैल नाही. शोधत शोधत जातो तेव्हा तो शाळेच्या भिंतीपाशी सापडतो. "तो तिथे नुसता उभा होता." कथा इथंच संपते. मी वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच क्षणी मनात आलं, वा! किती सालं आहेत हिला!

आता खरं सांगते. मला एक गोष्ट ठाऊक होती. पंधरा दिवसांपूर्वी कौसाला बघायला देवळाली प्रवराकडून पाहुणे येऊन गेले होते. तिकडं पाटाचं पाणी, ऊस. इकडं प्यायला पाणी नाही. असं स्थळ चालून आल्यावर तिच्या चुलत्याला, तात्याला, आभाळ ठेंगणं झालं होतं. तिचे वडील आबा मात्र म्हणाले होते, "मॅट्रिकचं पेपर हुद्या, मंग बघू." कौसानं मला हे सगळं फडक्यानं पाय पुसता पुसता सांगितलं होतं. आवडलं की नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आणि मी रसग्रहण लिहिलं, तीन पानं. कथेपेक्षा अर्थ मोठा! मी लिहिलं की हा बैल म्हणजे लेखिका स्वतःच आहे. बाजारात उभं करणं म्हणजे मुलगी दाखवणं. जू म्हणजे लग्न. दावं तोडणं म्हणजे निश्चय. शेवटचं वाक्य तर मी चारदा खोडून लिहिलं होतं, "या जिवानं आता ठरवलं आहे, एक दिवस घरच्यांना दावं रिकामं सापडेल." कौसाला मी ते आधी दाखवलं नाही. तिला एकदम सगळ्यांसमोर चकित करायचं होतं मला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

गॅदरिंग बाजाराच्या दिवशी होतं. काम बंद, त्यामुळं माणसं बरीच आली होती. कौसानं खाली मान घालून कथा वाचली. मग मी उभी राहिले. आवाजाचे चढउतार, हातवारे, काही बाकी ठेवलं नाही. शेवटचं वाक्य तर मी मुद्दाम थांबून थांबून म्हटलं. सरांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. मी समोर पाहिलं तर तात्या उभे राहिले होते. त्यांनी आबांचा दंड धरला आणि म्हणाले, "ऐकलंस का दादा? पोरगी पळायच्या इचारात हाय. समद्या गावाला ठावं, आपुनच येडं."  आबांनी फेट्याचा शेव तोंडावर घेतला. मी कौसाकडं बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती फक्त आबांकडं बघत होती.

त्या क्षणी मला जी धास्ती बसली, ती आजही मार्च लागला की तशीच्या तशी परत येते.

दुसऱ्या दिवशी बाकावर मी एकटी. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आईनं कामावरून बातमी आणली, "कौशीचं लगीन धरलंय म्हनं. तात्यानं शाळा बंद केली." मी भाकरी तशीच खाली ठेवली. आई म्हणाली, "तुला काय झालं गं शाले?" मी म्हटलं, "काही नाही, मिलो कडू लागतीय."

मग सुरू झाली भीती. सहा आठवडे पुरली. मी झोपायची ती भीत आणि उठायची ती भीत. कौसा जिवाचं काही बरंवाईट करील, हा एकच विचार. आमच्या भागात पोरीबाळी रागाच्या भरात विहीर जवळ करत, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या साली विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा राहिला नव्हता. मी मोजून पाहिलं होतं, त्यांच्या वस्तीच्या वाटेवर तीन विहिरी आणि तिन्ही कोरड्या. दुष्काळाचे आभार मानणारी सबंध तालुक्यात मी एकटीच असेन. आणि मग मनात यायचं, कोरड्या विहिरीतसुद्धा खाली दगड असतातच की.

रेडिओची तर मला दहशत बसली. समोरच्या हॉटेलात गाणं लागलं की मी कान झाकायची. साधं प्रेमाचं गाणं असायचं. ती म्हणायची, मी पलीकडच्या काठाला जाते, पुन्हा हाक मारू नकोस. काय असतं त्यात? नावेत बसून पोरगी गात असेल. पण मला साल काढायची खोड लागलेली. पलीकडचा काठ म्हणजे काय, हाक मारू नकोस म्हणजे काय, हे सगळं डोक्यात आपोआप उलगडत जायचं आणि समोर कौसाच दिसायची. सर वर्गात बोट वर करून विचारायचे, "हं, सांग, काय अर्थ?" मी म्हणायची, "माहीत नाही, सर." सर चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. त्यांनाही कळून चुकलं असावं. कारण पुढंपुढं त्यांनी बोट वर करणं सोडलं. गाणं लागलं की खिडकी लावून घेत.

एक दिवस घराबाहेर सायकलची घंटी वाजली आणि मला वाटलं, आले सांगायला. मी न्हाणीत जाऊन दडले. तो पोस्टमन होता. आई बाहेरून ओरडली, "अगं, मामाचं पत्र आलंय, वाचून दाव!" मला दार उघडवेना. कडी सापडत नव्हती. त्या दिवशी ठरवलं, की हे असं मरण्यापेक्षा आबांपुढं जाऊन उभं राहावं. मारलं तर मारलं.

आबा पाझर तलावाच्या कामावर होते. भर दुपारी मी तिथं गेले. रणरणतं ऊन, शेदोनशे माणसं, आणि सगळीकडं हातोड्यांचा आवाज. आबा गोणपाटाच्या सावलीला बसून खडी फोडत होते. शेजारी बायकांची रांग.  मी म्हटलं, "आबा, मी चुकले."

आबांनी मान वर केली. "काय गं पोरी?"

"त्या दिवशी मी वाचलं ना गॅदरिंगला... ते खरं नव्हतं."

हातोडा थांबला. शेजारच्या बायकांचेही थांबले. आबा म्हणाले, "मंग खरं काय हाय?"

"बैल म्हणजे बैल, आबा. तिनं बैलाचीच गोष्ट लिहिलीय. बाकीचं मी माझ्या मनानं घातलं. सरांनी शाबास म्हणावं म्हणून."

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आमचा सोन्या खरंच आसा दावं तोडून गेल्ता. शाळंच्या मागं गुरांची छावनी हाय न्हवं, थितं. वैरनीच्या वासानं गेला आसंल." पुढं म्हणाले, "पर पोरी, तवाबी तू आशीच बोलली हुतीस. आगदी खरं वाटावं आशी. आता मी कंचं धरू?"

 मी रडायला लागले. एक बाई मध्येच म्हणाली, "अवो आबा, पोरीलाच इचारा की, कौशीला." आबा म्हणाले, "तिला काय इचारायचं? हिनं सांगितलंच की समद्यांम्होरं." एवढं बोलून त्यांनी पुन्हा हातोडा उचलला. मी तशीच उन्हातून परत आले. वाट वाकडी करून तिन्ही विहिरींत वाकून बघितलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काही फरक पडला नाही. लग्नाची तारीख बदलली नाही. आमचा पहिला पेपर मराठीचा, आणि लग्न त्याच्या चार दिवस आधी. तात्यानं पाहुण्यांना शब्द दिला होता आणि मोठ्या भावाला तो मोडता येईना. मी लग्नाला गेले. मांडव कसला, चार बल्ल्यांवर चादरी. पाणी बैलगाडीतून पिंपानं आणलेलं. कर्ण्यावर गाणी लावली होती, आणि मला प्रत्येक गाणं रडवं वाटत होतं. माणसं हसत होती, पोरं नाचत होती, म्हणजे गाणी आनंदाचीच असणार. अक्षता टाकताना मला कौसाचा फक्त हात दिसला. हळदीनं पिवळाधम्मक. तो हलतोय ना, एवढंच मी बघत होते. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली, देवळालीला. ती जिवंत आहे, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली. तिची परीक्षा मात्र गेली. वर्गात तिचा नंबर माझ्या खालोखालचा होता.

पेपरच्या दिवशी मी केंद्रावर तासभर आधी पोचले. माझ्या मागच्या बाकावर खडूनं तिचा परीक्षेचा नंबर घातलेला होता. त्या नंबराकडं पाठ करून तीन तास कसं बसायचं, या विचारानं मी बाकाच्या अगदी पुढच्या कडेला सरकून बसले. पहिली घंटा झाली. उत्तरपत्रिका वाटल्या. मी नाव घालायला टाक उचलला आणि मागं बांगड्या वाजल्या.

मी दचकून वळले. कौसा होती. हिरवा चुडा, नवी साडी, कपाळाला मळवट पुसल्याची लाली. धापा टाकत होती. खिडकीतून फाटकाकडं बघितलं तर लिंबाखाली आबा बसले होते, उकिडवे, फेटा मांडीवर. मग माझ्या ध्यानात आलं. मांडवपरतणी! लग्नानंतर पोरीला पहिल्यांदा माहेरी आणायची आमच्याकडची रीत. त्याला पाहुणे नाही म्हणू शकत नाहीत आणि तात्याही नाही. आबांनी तारीख मान्य केली होती ती हा हिशेब मनात धरूनच. कुणाला बोलले नाहीत. पोरगी मांडवपरतणीला आणली आणि वस्तीवर न नेता थेट परीक्षेला घेऊन आले. एरवी दोन-तीन दिवसांची असते ती मांडवपरतणी. सगळे पेपर संपेपर्यंत चालली ती आमच्या पंचक्रोशीतली तेवढी एकच असेल.

पेपरात रसग्रहणाचा प्रश्न होता. मागं तिच्या बांगड्या वाजत होत्या. ती सलग लिहीत होती, मध्ये थांबत नव्हती. मी तो प्रश्न सोडला. आठ मार्कांचा होता.

पेपर सुटल्यावर ती आबांशेजारी बसून भाकरी खात होती. मी जवळ गेले. आबा, "पानी आनतो," म्हणून उठले. किती बोलायचं ठरवलं होतं मी! माफी मागायची, पाया पडायचं. ते सगळं राहिलं आणि तोंडून भलतंच निघालं. "कौसे, खरं सांग. तो बैल कोण होता गं?"

तिनं तोंडातला घास चावून गिळला. माझ्याकडं बघितलं. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. म्हणाली, "आता इचारतीस व्हय शाले? वरीसभर येका बाकावर बसलो. ती कथा मी तुझ्याच दौतीतल्या शाईनं लिव्हली. तवा इचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

आणि भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिनं माझ्यापुढं धरला. मी तो घेतला.

ती पास झाली, सेकंड क्लासात. पुढं देवळालीलाच राहिली, संसार केला. आमची त्यानंतर चार वेळा गाठ पडली. एकदा एसटी स्टँडवर, दोनदा कुणाकुणाच्या लग्नात आणि एकदा आबा गेले तेव्हा. चारही वेळा मी तिला तब्येतीचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं, उसाचं विचारलं. तीही भरभरून सांगत राहिली. मी बरोबर असेन तर मैत्रिणीच्या जिवातलं गुपित मी गावापुढं उघडं केलं, आणि चुकले असेन तर नसलेलं पाप तिच्या माथी मारलं. यातलं कोणतं, ते तिला एकटीलाच ठाऊक. पण विचारायला माझी जीभ रेटली नाही.